थंडीतला मोठा मासा: काठावरून पकडायचा आणि जिवंत सोडायचा (नागपूर परिसरातल्या नवशिक्यांसाठी)

मोठा मासा पकडून सोडायचा असेल तर तो थंडीत पकडावा. उन्हाळ्यात गळाला मासा भराभर लागतो, हे खरं. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या तलावांचं वरचं पाणी चांगलंच तापतं, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात साधारण साडेसातच. शिवाय गरम पाण्यात माशाला प्राणवायू लागतोही जास्त. गरज वाढलेली आणि पुरवठा घटलेला, अशा वेळी दहा किलोचा कटला वीस मिनिटं ओढाताण करून दमला, की सोडल्यावर तो पोहत जातो खरा, पण वाचेलच असं नाही.

हे मी एका माशाचा जीव घालवून शिकलो. उमरेडच्या बाजूला, मे महिन्यातली दुपार, हातात बारीक तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि पहिलाच मोठा कटला. चाळीस मिनिटं खेळवला, मग काठावरच्या तापलेल्या दगडांवर ठेवून फोटो काढले आणि सोडला. शेपटी हलवत गेला म्हणून मी खुशीत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पाळीवर गेलो तर बेशरमाच्या झुडपांत तो उलटा तरंगत होता. जाळं सोडवत बसलेले एक ढिवर काका म्हणाले, "बापू, तू मासा सोडला नाई. फक्त पाण्यात ठेवून आला." तेव्हापासून माझ्या लेखी सोडणं म्हणजे दुसऱ्या दिवशीही तो मासा जिवंत असणं. खाली जे सांगतोय ते सगळं, परवानगीपासून गळाच्या आकारापर्यंत, त्या एका गोष्टीसाठी आहे.

कोणता मासा

आपल्या भागात काठावरून मिळणारे मोठे मासे मुख्यतः दोन: कटला आणि शिवडा.

कटला ओळखायला सोपा. डोकं मोठं, तोंड वरच्या बाजूला वळलेलं, खवले रुंद, मिशा नाहीत. तोंड वर वळलेलं असण्याचं कारण तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. नवशिक्याने एवढं लक्षात ठेवलं तरी गळ किती खोल सोडायचा हा अर्धा प्रश्न सुटतो.

शिवडा हा वेगळाच प्राणी. हिंदी पट्ट्यात याला पढिन म्हणतात, आणि इंग्रजी पुस्तकांत चक्क गोड्या पाण्यातला शार्क. अंगावर खवला नाही, अंग लांब आणि दोन्ही बाजूंनी दाबलेलं, तोंड डोळ्याच्याही मागेपर्यंत फाटलेलं, आणि जबड्यात बारीक टोकदार दातांचे पट्टे. दिवसा खोल पाण्यात, बुडालेल्या झाडांच्या मुळांत पडून राहतो आणि ऊन उतरलं की शिकारीला निघतो. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो धोक्यातल्या प्रजातींमध्ये, 'असुरक्षित' या वर्गात आहे. त्यामुळे कटल्याबाबत ठेवायचा की सोडायचा हा प्रश्न तलावाच्या मालकाशी बोलून सुटेल. शिवड्याबाबत माझं मत ठाम आहे: तो परतच गेला पाहिजे.

शार्कचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. समुद्रकिनाऱ्यावर उभं राहून मोठे शार्क पकडून सोडण्याचा छंद अमेरिकेत जुना आहे. फ्लोरिडा राज्याने २०१९ पासून त्यासाठी परवाना सक्तीचा केला. नियमही नेमके आहेत: आमिष लावायचं ते गोल वळणाच्या, स्टेनलेस स्टीलच्या नसलेल्या गळालाच, गळ कापायचं हत्यार जवळ हवंच, आणि संरक्षित जातीचा शार्क लागला तर त्याचे कल्ले पाण्याबाहेर येता कामा नयेत. कारण शार्कच्या अंगात हाड नसतं, नुसती कूर्चा असते. वाळूवर ओढला की स्वतःच्याच वजनाने आतले अवयव दबतात. आपल्या शिवड्याला हाडं आहेत, पण मोठा शिवडा कल्ल्यात बोटं घालून लटकवला तर त्याचीही गत फार वेगळी होत नाही. नागपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब असला तरी शिवड्याबाबत हे तिन्ही नियम मी पाळतो.

आधी परवानगी, मग गळ

हा टप्पा नवशिके सर्रास गाळतात, म्हणून थोडा सविस्तर लिहितो.

कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, पुराचं पाणी लागतं. पूर्वी त्यांचं बीज नदीतूनच गोळा करावं लागे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त जागेत वीण करायला लावलं. तो दिवस १० जुलै, आता मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. सांगायचा मुद्दा असा की तुमच्यासमोरच्या तलावातला जवळजवळ प्रत्येक कटला कोणीतरी पैसे मोजून बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लू, म्हणून आणून सोडलेला आहे. सिंचन तलावांमध्ये बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेने ठेका घेतलेला असतो. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, त्यांचंही तसंच. चौकशीची सुरुवात गावातून करावी. संस्थेच्या सभासदांना, बहुतेक ढिवर, भोई किंवा कहार कुटुंबांना, जाऊन भेटा. काय करणार आहात ते सरळ सांगा. कोणी शुल्क घेईल, कोणी चहा पाजून "जा बसा" म्हणेल, कोणी चक्क नाही म्हणेल. नाही म्हटलं तर परत फिरायचं. मोठा कटला लागला तर सोडलेला चालेल की संस्थेला द्यायचा, हेही तिथेच ठरवून घ्या.

काही ठिकाणी विचारायचाही प्रश्न नाही. तोतलाडोहचा जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे गळ टाकणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. गोसीखुर्दच्या फुगवट्याचा काही भाग उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूला येतो. तिथे हद्द कुठे संपते हे वनरक्षकाला विचारल्याशिवाय रॉड उघडू नका.

जागा आणि वेळ

पावसाळा संपताना तलाव भरलेला असतो. मग रब्बीच्या हरभऱ्याला, गव्हाला कालव्याने पाणी सुटतं आणि काठ रोज थोडा थोडा मागे सरकतो. पाणी उतरायला लागलं की मोठा मासा उथळ काठ सोडून जुन्या नाल्याच्या खोलगट पट्ट्यात जातो. हा पट्टा शोधण्याची सगळ्यात सोपी रीत म्हणजे आधीच्या मे महिन्यात, तलाव आटलेला असताना, एकदा जाऊन बघणं आणि मोबाईलमध्ये फोटो ठेवणं. ते जमलं नसेल तर साध्या तंगूसाला शिसं बांधून वेगवेगळ्या ठिकाणी टाका आणि तळाला लागेपर्यंत आकडे मोजा. जिथे जास्त आकडे मोजावे लागतात तिथे नाला.

शिंगाड्याची लागवड असलेला भाग सोडून द्या. ते कोणाचं तरी पीक आहे, आणि वेलीत अडकलेला मासा तुमच्याकडून सुटायच्या आधीच दमून मरतो.

वेळेबद्दल पुस्तकी सल्ला असतो की पहाटे बसा. आपल्या थंडीत तो उलटा आहे. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता. इतकी थंडी रोज नसते, पण डिसेंबर-जानेवारीची पहाट बोचरीच. पाण्याचं तापमान २० अंशांच्या आसपास किंवा खाली गेलं की कटल्याची भूक मंदावते. म्हणून सकाळी दहाच्या आधी जाऊन उपयोग नाही. साडेअकरा ते चार हा काळ खरा. ज्या काठावर दुपारभर ऊन पडतं आणि वारा ज्या काठाकडे वाहतो, तो काठ निवडा. तापलेलं वरचं पाणी तिकडे लोटलं जातं. ढगाळ हवेने दोन-तीन रात्री उबदार गेल्या तर तिसऱ्या दिवशी सुट्टी काढून जा. माझे हिवाळ्यातले चांगले मासे बहुतेक अशाच दिवसांचे आहेत.

शिवड्यासाठी ऊन कलल्यापासून अंधार पडेपर्यंतचा तास-दीड तास. अंधारात मी बसत नाही आणि तुम्हीही बसू नका. मासा नीट हाताळायला उजेड लागतो, आणि आपल्या बहुतेक तलावांच्या मागे जंगल आहे.

सामान

मासा लवकर काठाला आणता आला पाहिजे, हे एकच माप धरून सामान घ्या. बारीक दोऱ्यावर मोठा मासा काढला याचा अभिमान बाळगणारे लोक भेटतील. त्यांचं ऐकू नका. बारीक दोरा म्हणजे लांबलेली झुंज, आणि ती माशाच्या जिवावर.

रॉड दहा ते बारा फुटांचा, मधून वाकणारा. रील ४००० ते ६००० आकाराचं, ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की ठरावीक ताणावर दोरा सोडणारा रीलचा ब्रेक) झटका न देता सुटणारं. त्यावर ०.४० मिलिमीटरच्या आसपासचा चांगला तंगूस, दीडशे मीटर तरी. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवायचा. घरी भाजीचा स्प्रिंग काटा असेल तर दोरा त्याला बांधून ओढून पाहा: ८ किलोचा दोरा असेल तर काटा दोन-अडीच किलो दाखवत असताना रील सुटायला हवं. शिवड्यासाठी शेवटचा हात-दीड हात ०.७० चा जाड दोरा लावा. त्याचे दात एका झटक्यात दोरा कापत नाहीत, कानशीसारखे घासून घासून तोडतात.

गळाबाबत माझा आग्रह आहे. आपल्याकडे कटल्याला स्प्रिंगवर चाऱ्याचा गोळा दाबून भोवती सहा-आठ गळ सोडायची पद्धत सगळीकडे दिसते. मासा खायचाच असेल तर ती चालते. सोडायच्या माशाला ती वापरू नका. एक गळ तोंडात लागला की बाकीचे झटापटीत डोळ्याला, कल्ल्याला, पोटाला लागतात. एकच गळ, आणि त्याचा उलटा दात पक्कडीने दाबून सपाट केलेला. कटल्याला आमिष गळावर खोचायचंही नाही. गळाच्या वळणाला इंचभर दोरा बांधून आमिष त्याला लोंबतं ठेवा. कटला आमिष ओढून घेतो, मोकळा गळ मागोमाग जातो आणि ओठाच्या कडेला बसतो.

शिवड्याला गोल वळणाचा गळ, दुकानात सर्कल हुक म्हणून मिळतो. टोक आत वळलेलं असल्याने तो घशात रुतत नाही, मासा वळला की सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. पण त्यासाठी एक सवय मोडावी लागते: दोरा ओढला गेला की झटका मारायचा नाही. दोरा ताणू द्या, रॉड आपोआप वाकू द्या, मग शांतपणे रील फिरवायला लागा. झटका मारला की गळ तोंडातून मोकळा बाहेर येतो.

गळ साध्या पोलादाचेच घ्या. कधी दोरा तुटून गळ माशाच्या तोंडात राहिलाच तर तो गंजून गळून पडण्याची आशा असते.

शिसं अशा रीतीने लावा की दोरा तुटला तर ते सरकून सुटेल, माशाला जन्मभर ओढावं लागणार नाही. याखेरीज रबरी जाळीची मोठी हातझोळी, लांब तोंडाची पक्कड, दोरा आणि गळ दोन्ही कापणारी कटर, मोजायची टेप, बादली, आणि माशाला टेकवायला जाड फोमची चटई. फोम नसेल तर जुनी योगा मॅट दुहेरी घालून चालते.

चारा

शेंगदाण्याची ढेप रात्रभर भिजवून, त्यात भाजलेल्या चण्याचं पीठ आणि थोडी भाजून कुटलेली मेथी. प्रत्येकाची आपापली गुपितं असतात, माझं एवढंच. थंडीत मात्र चारा निम्म्याने कमी टाका. भूक मंद असलेला मासा मूठभर खाऊन निघून जातो. लिंबाएवढे चार-पाच गोळे एका जागी, आणि मग तासाला एक. कटल्यासाठी गळ तरंड्याखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेखाली) चार ते सहा फूट, ऊन चढल्यावर अजून वर.

शिवड्याला कोंबडीची कलेजी किंवा त्याच तलावातला मेलेला लहान मासा. बाहेरून जिवंत मासा आणून आमिष म्हणून टाकू नका. नको ती जात तलावात शिरते आणि मग निघत नाही.

मासा लागल्यावर

रॉड उभा धरून मागे झुकण्यापेक्षा तो बाजूला, पाण्याला समांतर धरा. बाजूच्या ओढीने माशाची दिशा बदलते आणि तो लवकर वळतो. पहिली धाव त्याची, ती अडवू नका. नंतर थांबूही देऊ नका: तो विश्रांती घेत असेल तेव्हा तुम्ही दोरा घेत राहा. दहा किलोच्या माशाला या सामानावर दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर ड्रॅग सैल आहे.

मासा उथळ पाण्यात येताच सोबत्याने झोळी पाण्याखाली स्थिर धरायची आणि मासा त्यावर आणायचा. झोळी घेऊन माशाच्या मागे धावायचं नाही. एकटे जाऊ नका, हे त्यासाठीही आणि गाळासाठीही. पाणी उतरलेल्या तलावाचा काठ वरून वाळलेला दिसतो आणि पाय टाकला की मांडीपर्यंत आत जातो.

आता सगळ्यात नाजूक भाग. मासा झोळीतच, पाण्यातच ठेवा आणि तिथेच गळ काढा. दहापैकी सात-आठ वेळा तेवढ्यावर काम होतं. उचलावाच लागला तर आधी हात, चटई, टेप सगळं तलावाच्या पाण्याने ओलं करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर ही त्याची रोगांविरुद्धची ढाल आहे. कोरडा हात, टॉवेल, गवत लागलं की ती निघते आणि आठवड्याभराने तिथे बुरशी धरते. एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या बुडाशी. कल्ल्यात बोट कधीच नाही. उचलताना स्वतःचा श्वास रोखा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात गेलाच पाहिजे. फोटो त्या वेळात बसला तर बसला.

गळाला लटकवून वजन करू नका. लांबी आणि सगळ्यात जाड भागाचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा; घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले २९,०००, म्हणजे किलोतला ढोबळ अंदाज. ९० सेंटीमीटर लांब आणि ७० घेराचा मासा साधारण १५ किलोचा येतो.

शिवड्याच्या तोंडात हात घालू नका, पक्कड घाला. गळ घशात खोल असेल तर ओढत बसू नका, दोरा जमेल तितका गळाजवळ कापा. आणि मध्येच शिंगाळा लागला तर त्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांपासून जपा. ती जखम दोन दिवस ठणकते.

सोडताना

माशाला पाण्यात सरळ, पोट खाली ठेवून धरा. पुढे-मागे हलवू नका; मागे ओढल्यावर कल्ल्यांत पाणी उलटं शिरतं. नुसता आधार द्या. कल्ल्यांची झाकणं एका लयीत उघडझाप करायला लागतात, मग डोळे हलायला लागतात: माशाला तिरपं केलं तरी डोळे आडवी पातळी धरून राहतात. शेवटी शेपटीत जोर येतो. तो स्वतः हात सोडवून जाईपर्यंत थांबा, पाच मिनिटं लागोत की वीस. थंड पाण्यात बोटं बधिर होतात, पण तेच थंड पाणी त्याला वाचवतंय.

सोडल्यावर लगेच दुसरा गळ टाकू नका. पंधरा मिनिटं त्याच जागी बसा आणि पाण्याकडे बघा. उलटा झाला तर परत जवळ घेऊन धरता येतो. कल्ल्यातून रक्त वाहत असेल तर तो बहुधा जगत नाही. असा मासा कटला असेल तर संस्थेच्या माणसाला नेऊन द्या, फुकट घालवू नका.

निघताना तंगूसाचा प्रत्येक तुकडा उचला, दुसऱ्याने टाकलेलाही. याच दिवसांत पट्टकादंब आणि बदकं आपल्या तलावांवर उतरलेली असतात आणि पायाला तंगूस गुंडाळलेला पक्षी उडू शकत नाही. मग पाळीवरून जाताना संस्थेच्या माणसाला सांगून जा की आज कोणता मासा, केवढा, कुठे सोडला. दुसऱ्या दिवशी पहाटे जाळी बघायला तोच पाण्यात उतरणार आहे, आणि तुमचा मासा तरंगताना दिसला की नाही हे तुम्हाला फोनवर तोच सांगेल.